माळेआडचा दिवा

धुळ्याला लेकीच्या घरी फ्रिजच्या डोक्यावर स्टॅबिलायझर आहे आणि त्यावर विहीणबाईंनी विणलेला क्रोशाचा रुमाल आहे. रुमालाची झालर पुढे लोंबते आणि स्टॅबिलायझरचे दोन बारीक दिवे तिच्याआड जातात. रुक्माबाई सकाळी चूळ भरून स्वयंपाकघरात आली की आधी ती झालर उचलून मागे सारते. दुपारी विहीणबाई ती पुढे ओढतात, चारी कोपरे सारखे करतात. संध्याकाळी झालर पुन्हा मागे गेलेली असते. यावरून दोघींत कधी शब्द झालेला नाही.

"आई, अगं स्टॅबिलायझर आहे तो. त्याचे दिवे झाकले म्हणून काय बिघडतंय?" पुष्पा एकदा म्हणाली.

"बिघडू दे नाहीतर राहू दे. मी काय म्हटलं का तुझ्या सासूला?" रुक्माबाई म्हणाली आणि बोलता बोलता तिचा हात झालरीकडे गेला.

पुष्पा सरकारी दवाखान्यात नर्स आहे. आईचा हात तिकडे का जातो ते तिला ठाऊक आहे. म्हणून तिने विषय वाढवला नाही.

रुक्माबाईचं माहेर भडगावचं. लग्न होऊन जळगावला आली ती कौतिकच्या मागोमाग. कौतिक भुसावळ रस्त्यावरच्या एका शीतगृहात मशीनवर होता. चिंच, मिरची, बेदाणे ठेवायच्या मोठ्या खोल्या, आणि एक बर्फखोली. बर्फखोलीत आंब्याच्या रसाचे डबे गोठवून ठेवत. तिथली थंडी वेगळी. आत जाणारा माणूस गोधडीसारखा जाड कोट घालून जाई आणि बाहेर आला की त्याच्या मिशीवर दव दिसे.

कौतिकला घरी बोलायला विषय एकच, पॅनेलवरचे दिवे. जेवायला बसला की ताटाच्या कडेला मिरच्या मांडायचा. लाल मिरची ही एक मशीन, हिरवी ही दुसरी, लिंबाची फोड हा पिवळा दिवा.

"आता सांग, कोणती मशीन चालू?"

"हिरवी," रुक्माबाई म्हणायची. हिरवा म्हणजे चांगला, हे कोणीही सांगेल.

"चुकलीस. लाल ती चालू. हिरवी बंद पडलेली."

"हे कसलं उलटं?"

"उलटं कसं? चुलीत लाल दिसलं तर चूल पेटलेली ना? तसंच. लाल म्हणजे आत वीज खेळतेय, हात लावू नको. हिरवा म्हणजे थंड पडलंय."

चुलीवरून सांगितलेलं तिच्या डोक्यात पक्कं बसलं. पिवळा लागला की मशीनला ताण पडलाय, इलेक्ट्रिशियनला बोलवायचं. सगळ्यात खालच्या ओळीत, उजव्या कोपऱ्यात एक निळा दिवा होता. बर्फखोलीच्या आत, दाराशेजारी एक बटण होतं. कोणी आत अडकलं आणि त्याने ते दाबलं की पॅनेलवर निळा दिवा लागे आणि घंटा वाजे. एकदा लागलेला निळा दिवा आपोआप विझत नसे. मॅनेजरकडे किल्ली असे, ती फिरवली की विझे. कौतिकने हे सांगितलं ते वेळ घालवायला. याच दिव्यांवर बायकोला भाकरी मिळवावी लागेल असं त्याच्या मनातही नसेल.

कौतिक काविळीने गेला तेव्हा पुष्पा शाळेत होती. शीतगृहाचे मालक गुलाबभाऊ रावेरकडचे, केळीच्या बागा असलेले. माणूस वाईट नव्हता. स्वतः घरी आला, बाहेरच्या ओट्यावर बसला, म्हणाला, "बाई, कौतिकच्या जागेवर मी तुला घेतो. मशीनला हात लावायचा नाही. पॅनेलसमोर बसायचं, दिवे बघायचे. नको तो लागला की निंबाला हाक मारायची. जमेल?"

"जमेल भाऊ."

निंबा इलेक्ट्रिशियन होता. त्याने पहिल्या दिवशी तिची परीक्षा घेतली आणि ती पास झाली, तेव्हा त्याला जरा राग आला. पुढे त्याला सवय झाली. ती रोज आल्या आल्या दिवे तपासायचं काळं बटण दाबी. मग पॅनेलवरचे सगळे दिवे एकदम लागत, कोणाचा बल्ब गेलाय ते कळे. हमाल त्याला रुक्माक्काची दिवाळी म्हणत.

हमालांत झिपरू सगळ्यांत वाचाळ. चोपड्याकडचा, रुक्माबाईच्या वस्तीतच मागच्या ओळीत राहणारा. दारातून डोकं घालून विचारायचा, "रुक्माक्का, यासमा मना दिवा कोनता शे?"

"तुझा निळा. तो नाही लागला तेच बरं."

"म्हनजे तू माले कधीच देखणार नही?"

"तुला देखायला झुंबरबाई आहे की घरी. ती पुरे नाही का?"

झुंबरबाई त्याची बायको. जिनिंगच्या कारखान्यात कापूस निवडायला जायची. कडक बाई. झिपरू पगाराच्या दिवशी कोणाकोणाबरोबर चहाला थांबला की ती वस्तीच्या तोंडाशी येऊन उभी राही. पण चहालाच. दारूचा वास त्याच्या अंगाला कधी कोणाला आला नव्हता. झुंबरबाईने ते लग्नातच ठरवून घेतलं होतं.

घंटा बंद झाली ती पावसाळ्यात. डब्यांची गाडी आत नेताना तिची कड त्या बटणाला लागे आणि घंटा सुरू होई. मॅनेजर यादव, सगळे त्याला नाना म्हणत, तो फोनवर बोलत असला की चिडे. एक दिवस त्याने निंबाला सांगून घंटेची तारच काढून ठेवली. बटणाला लोखंडी पिंजरा बसवून घेऊ, मग जोडू, म्हणाला.

"नाना, घंटा तरी असावी," रुक्माबाई म्हणाली.

"अगं, दिवा आहे ना? आणि दिव्यासमोर तू आहेस. मग घंटा कशाला?"

याच पावसाळ्यात बर्फखोलीच्या दाराचा आतला खटकाही बिघडला. बाहेरून दार लागलं की आतून उघडेना. हमाल दाराला लाकडी ओंडका लावून मगच आत जात. पिंजरा यायचा होता, खटका यायचा होता. दोन्ही येणार होते.

आता खंडेनवमीचं सांगायला हवं. त्या दिवशी यंत्रांची पूजा. दुसऱ्या दुकानांतली यंत्रं त्या दिवशी बंद असतात, शीतगृहाची बंद ठेवता येत नाहीत. म्हणून चालत्या मशीनचीच पूजा होई. गुलाबभाऊंची आई केसरबाई गावाकडून मुद्दाम येई. पॅनेलची पूजा ती स्वतः करी. एकेका दिव्याच्या काचेला कुंकवाचं बोट लावी आणि वरच्या खिळ्यांना झेंडूच्या माळा अशा दाट सोडी की पॅनेल मुंडावळ्या बांधलेल्या नवरदेवासारखं दिसे. त्या माळा दुसऱ्या दिवशी सोनं लुटून झाल्यावर काढायच्या. तोवर त्यांना हात नाही.

आदल्या वर्षी रुक्माबाईने हात लावला होता. माळांमागे दिवे दिसेनात, म्हणून तिने एका बोटाने माळ बाजूला केली. दोरा कच्चा होता, तुटला, फुलं खाली पडली. केसरबाई दारातच होती. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"राहू दे वं माय, तुह्यं काही चुकलं नही," केसरबाई म्हणाली. "पन सनासुदीच्या दिवशी तरी..."

तिने माणूस बाजारात पाठवला, नवीन माळा आणवल्या, पॅनेल ओल्या फडक्याने पुसून घेतलं आणि पूजा पहिल्यापासून केली. ते होईपर्यंत रुक्माबाई बाहेर नळाशी उभी होती. तिची माणसं बौद्ध झाली त्याला तिच्या जन्माइतकी वर्षं झाली होती. वस्तीत बुद्धविहार होता, घरात बाबासाहेबांचा फोटो होता, पूजा करायची नाही हे तिने स्वतःच ठरवलं होतं. तरी नळाशी उभं राहताना तिला आजी आठवली, भडगावला विहिरीपासून लांब घागर घेऊन उभी राहणारी.

या वर्षी यादवने आधीच सांगून टाकलं, "रुक्माबाई, उद्या स्टूल दाराबाहेर ठेव. तिथून दिसतंय सगळं."

"माळा असल्या की काय दिसतं नाना?"

"एक दिवसाचा प्रश्न आहे. उगा म्हातारीला दुखवायचं?"

ती नाही म्हणाली असती तर काय झालं असतं, याचा विचार तिने पुढे फार केला. पण पुष्पा नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती, आणि त्या दिवशी तिने नाही म्हटलं नाही.

खंडेनवमीला सकाळी पूजा झाली. रुक्माबाई उंबऱ्याबाहेर स्टुलावर बसली. सकाळची दिवे तपासणी झाली नाही, कारण काळं बटणही माळांमागे गेलं होतं. अंगणात मंडप होता, गुलाबभाऊंचे पाहुणे आले होते, केळीचे व्यापारी, सोयरे. आश्विनात आमरसाचं जेवण ही गुलाबभाऊंची हौस. गोठवलेला रस पाहुण्यांना वाढायचा आणि त्यांची तोंडं बघायची.

यादवने झिपरूला डबा आणायला पाठवलं. झिपरूने त्या दिवशी सणाचा म्हणून नवा सदरा घातला होता. जाड कोट त्याच्यावर घालायला त्याला जीव होईना. "दोन मिनिटासाठी काय कोट घालानं," म्हणत तो गेला आणि डबा खांद्यावर घेऊन आला. रुक्माबाईपुढून जाताना म्हणाला, "अक्का, आज तुले मना दिवा दिसनार नही. नवरदेव झायेल शे तुना पॅनेल."

"जा रे, रस वितळेल."

आचाऱ्याने डबा पाहिला आणि पुरणार नाही म्हणाला. झिपरू दुसरा आणायला परत गेला. हे रुक्माबाईला दिसलं नाही, कारण तो मागच्या बाजूने गेला. मग पंगत बसली, पाहुणे मोजके निघाले, एका डब्यात भागलं. दुसऱ्या डब्याची कोणाला आठवण राहिली नाही. निंबा मागून हात धुवायला गेला तेव्हा त्याला बर्फखोलीचं दार ओंडक्यावर टेकून अर्धवट उघडं दिसलं. थंडी वाया जातेय, हमाल विसरला, असं म्हणून त्याने ओंडका पायाने सारला आणि दार ढकलून लावलं. उघडं दार दिसलं की लावायचं, हाच तिथला नियम होता. तो नियम निंबाला घालून दिला होता यादवने, आणि यादवला गुलाबभाऊंनी.

रुक्माबाईला जेवायचं ताट तिथेच दारात आणून दिलं. वरण, भात, भजी, वाटीत आमरस. तिने जेवून ताट नळावर घासून ठेवलं आणि परत येऊन बसली. समोर झेंडूची भिंत. बघण्यासारखं काही नाही म्हणून ती फुलंच बघत राहिली.

थोड्या वेळाने तिच्या लक्षात आलं की वरच्या ओळीत फुलं चार ठिकाणी मलूल झाली आहेत. तिला मौज वाटली. त्या दिव्यांचे बल्ब जुने, चांगले तापणारे. चार मशीन चालू, चार लाल दिवे लागलेले, त्यांच्या उबेने वरची फुलं सुकलेली. म्हणजे माळ असली तरी पॅनेल वाचता येतंय. कौतिक असता तर हसला असता.

मग तिची नजर खाली गेली. खालच्या ओळीतली फुलं ताजी, सकाळची. फक्त उजव्या कोपऱ्यात तीन-चार झेंडू कडेने तपकिरी झाले होते आणि माना टाकून होते.

तिथे निळा दिवा होता. तो लागलेला असायला नको होता.

ती उठली. उंबऱ्यात एक पाय टाकला आणि मागे घेतला. मंडपाकडे गेली. यादव पान लावत बसला होता, भोवती तिघे-चौघे.

"नाना, जरा पॅनेलकडे या ना. खालच्या ओळीतली फुलं सुकलीत."

एकजण हसला. "मग काय वाढतील का?"

"बाई, फुलं सुकतातच," यादव म्हणाला.

"तसं नाही नाना. खाली दिवा लागलेला असल्याशिवाय..."

"अगं कुंकू लागलं असेल, पाणी लागलं असेल. म्हातारीने आत्ताच पाठ टेकलीय. उद्या सोनं लुटलं की काढूच ना माळा." आणि मग खालच्या आवाजात, "गेल्या वर्षीचं पुन्हा नको हं."

ती परत आली. उंबऱ्यात उभी राहिली. हेच ते उभं राहणं, ज्याचा हिशेब तिला पुढे कधी लागला नाही. फार वेळ नव्हता. चुलीवरच्या भाताला एक वाफ यावी, इतका. डोळे त्या तपकिरी फुलांवर, पाय बाहेर. शेजारून कोणी जात असेल तर त्याला वाटलं असेल, बाई पूजेच्या खोलीत डोकावून हात जोडतेय.

मग ती आत गेली आणि तिने माळ उचलली. कुंकवाच्या बोटाखाली निळा दिवा जळत होता.

"निंबा!" अशी ओरडली ती की पाहुणे पानं टाकून उठले.

दार निंबानेच उघडलं. झिपरू दाराला पाठ लावून बसला होता, गुडघे पोटाशी. नवा सदरा पत्र्यासारखा ताठ. शेजारी रसाचा डबा पडला होता आणि त्याचा खालचा काठ चेपून आत गेला होता. त्याने तो दारावर आपटला असणार. ते दार वीतभर जाडीचं, आत भुसा भरलेलं. बाहेर मंडपात पंगत. कोणाला काय ऐकू येणार.

निंबाने त्याला उचलून उन्हात आणलं, हात चोळले, पाय चोळले. केसरबाई उठून आली आणि स्वतःची शाल तिने त्याच्यावर टाकली. गाडीतून दवाखान्यात नेला. तिथे पोहोचायच्या आधीच सगळ्यांना कळलं होतं.

ही पळापळ चालली असताना रुक्माबाईने पॅनेलच्या खोलीकडे पाहिलं. यादव आत एकटा होता. त्याच्या हातात किल्ली होती. त्याने ती फिरवली, निळा दिवा विझला, आणि त्याने माळ होती तशी सोडली. वळला तेव्हा दारात रुक्माबाई. दोघांची नजर मिळाली. किल्ली खिशात टाकून तो तिच्या बाजूने बाहेर पडला.

दुसऱ्या दिवशी विजयादशमी. वस्तीतली माणसं पांढरे कपडे घालून विहारात जाणार होती. रुक्माबाईने पांढरं पातळ खळ देऊन, दोरीवर वाळवून आधीच घडी करून ठेवलं होतं. ते नेसून ती सिव्हिल हॉस्पिटलच्या शवागारासमोर झुंबरबाईशेजारी बसली. झुंबरबाई रडत नव्हती. दोन्ही हातांनी जमिनीवरचं गवत उपटत होती.

पोलीस आले, पॅनेल पाहून गेले. निळा दिवा विझलेला होता. निंबाने दिवा बघितला नव्हता, तो सरळ दाराकडे धावला होता. यादवने सांगितलं, बटण दाबलंच गेलं नाही. दाबलं असतं तर दिवा लागलेलाच राहिला असता, तशीच त्याची रचना आहे, हे बघा. सणाचा दिवस, थोडी घेतली असेल, आत बसला असेल, डोळा लागला असेल. बाईला फुलांवरून काहीतरी संशय आला म्हणून निदान सापडला तरी.

जमादाराने रुक्माबाईला विचारलं, "दिवा लागला होता का?"

यादव बाजूला उभा होता. गुलाबभाऊ खुर्चीत डोकं धरून बसले होते.

"वर माळ होती साहेब," ती म्हणाली. "नीट दिसलं नाही."

झालं. आठवडाभरात झिपरू दारूडा ठरला. ज्यांनी त्याला कधी चहापलीकडे काही पिताना पाहिलं नव्हतं ते म्हणू लागले, कोणाचं काय सांगावं. बर्फात झोपला म्हणे, नशेत थंडी वाजत नाही. शाळेत त्याच्या मुलीला पोरींनी विचारलं, तुझा बाप बर्फावर झोपायचा का गं?

त्या दिवशी संध्याकाळी झुंबरबाई रुक्माबाईच्या घरी आली. रुक्माबाई भाकरी थापत होती. झुंबरबाई चुलीपाशी उकिडवी बसली.

"अक्का, एक इचारस. खरं सांग. तेनी बटन दाबं व्हतं का नही?"

रुक्माबाईने परातीतलं पीठ गोळा केलं. पुन्हा पसरलं.

"लोके म्हनतस, पीसन झोपी गया व्हता," झुंबरबाई म्हणाली. "मी बारा घरना पानी भरसू, पन हाई ऐकसू नही. मना मानूस असा नव्हता. तू दिवा देखनारी शे. तू सांग."

"दाबलं होतं," रुक्माबाई म्हणाली. "निळा दिवा लागला होता. मी माळ उचलली तेव्हा जळत होता. मागून नानाने किल्ली फिरवून विझवला. मी पाहिलं."

झुंबरबाईने डोळे मिटले. बराच वेळ तिचा चेहरा तसाच होता, जरा सैल, जरा शांत, जसं तापलेल्या माणसाला घाम येऊन बरं वाटतं. तव्यावरची भाकरी करपली. वास आला तेव्हा तिने डोळे उघडले.

"मंग तू कोठे व्हती?"

"दारात."

"कोनता दारमा?"

"पॅनेलच्या. बाहेर बसवलं होतं मला. माळेला हात लावायचा नव्हता."

"म्हनजे दिवा तुन्हा समोर व्हता."

"माळेच्या आड होता."

"तुन्हा समोर व्हता," झुंबरबाई म्हणाली. "तो तठे बटन दाबी ऱ्हायंता, आनि तू फुले देखी ऱ्हायंती."

रुक्माबाईला सांगता आलं असतं. आदल्या वर्षीचं सांगता आलं असतं, नळाशी उभं राहिल्याचं, पुष्पाच्या शिक्षणाचं. तिने करपलेली भाकरी तव्यावरून काढली आणि नवी टाकली नाही.

"उद्या मनासंगे पोलिसकडे चाल," झुंबरबाई उठत म्हणाली. चाल अक्का, असं म्हणाली नाही.

दोघी गेल्या. जमादाराने पहिला प्रश्न विचारला, तो रुक्माबाईला अपेक्षित होता. आधी का नाही सांगितलं? आणि दुसराही अपेक्षित होता. दिवे बघायचं काम कोणाचं?

तेव्हापासून सगळं तिच्या अंगावर आलं. यादव म्हणू लागला, ठीक आहे, दिवा लागला असेल, मग पगार कशाचा घेत होती ही? घंटा नव्हती हे खरं, पण घंटेच्या जागी माणूस ठेवलं होतं ना. गुलाबभाऊंनी तिला बोलावून घेतलं. त्यांचे डोळे लाल होते.

"बाई, तू खरं बोलली असशील. पण खरं बोललीस म्हणजे प्रश्न तुझ्यावरच येतो."

"मला बाहेर बसवलं होतं भाऊ. तुम्हाला माहीत आहे."

गुलाबभाऊंनी आईकडे पाहिलं. केसरबाई खिडकीशी बसली होती. ती एकदम बोलली, "मी काय मनलं व्हतं? माळीले हात लावू नको मनलं व्हतं. मरनाऱ्या मानसाकडे पाहू नको असं मनलं व्हतं का मी? सांग ना वं, मनलं व्हतं का?"

तिचा आवाज चिरकला होता. तिला उत्तर हवं होतं, खरंच हवं होतं. रुक्माबाई म्हणाली, "नाही, तुम्ही तसं म्हटलं नव्हतं," आणि बाहेर पडली. महिनाअखेर तिचं काम गेलं. तिच्या जागी कोणाला घेतलं नाही. निंबाने घंटेची तार जोडून दिली.

दवाखान्यातल्या डॉक्टरला विचारलं असतं तर भाताला एक वाफ येण्याइतक्या वेळाने काही फरक पडला असता का ते कदाचित कळलं असतं. पुष्पाने पुढे दोन-तीनदा म्हटलं, आई, मी विचारू का आमच्या डॉक्टरांना, तेवढ्याने काही झालं नसतं गं. रुक्माबाईने तिला विचारू दिलं नाही.

पुष्पाला धुळ्याला नोकरी लागली तशी रुक्माबाईने जळगावची खोली सोडली. स्टँडवर धुळ्याच्या गाडीची वाट बघत ती ट्रंकेवर बसली होती. पलीकडच्या बाकाशी बायकांचा घोळका होता, कापसाच्या वेचणीला चोपड्याकडे निघालेला. मध्ये झुंबरबाई. जिनिंगचं काम सोडून तीही गावाकडे चालली होती. ती काहीतरी सांगत होती आणि बायका ऐकत होत्या. रुक्माबाईला आवाजावरूनच कळलं की काय सांगतेय. ही गोष्ट झुंबरबाई आता सगळीकडे सांगे, नळावर, दळणाच्या रांगेत, अनोळखी बायकांनाही.

"तो पेयेल नव्हता. तेनी हाक मारी व्हती. बटन दाबं, डबा आपटा, बठ्ठं कयं. तठे एक बाई बसाडेल व्हती, दिवा देखाले. दिवा लागी गया, लाल भडक. ती बाई फुले देखत बठी."

रुक्माबाई उठली. ट्रंक तिथेच ठेवून घोळक्यापाशी गेली. बायकांनी वाट दिली, कोण आहे हे त्यांना माहीत नव्हतं. झुंबरबाईला माहीत होतं. तिचं बोलणं थांबलं.

"लाल नाही," रुक्माबाई म्हणाली. "लाल म्हणजे मशीन चालू. तो निळा होता."

मागे कंडक्टर गाडीचं नाव घेत होता.

झुंबरबाईने तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग बायकांकडे वळली.

"निळा व्हता," ती म्हणाली. "हाई बाई सांगस ते खरं शे. दिवा निळा व्हता."

आणि रुक्माबाईकडे पाठ करून तिने गोष्ट पुढे सुरू केली.